वीस जागांच्या अलीकडे

जेहान दारूवालाचं नाव निघालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोरगं एवढं चांगलं होतं, तर फॉर्म्युला वनमध्ये का नाही गेलं? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना चांगला खेळणारा माणूस वर जातोच, असं आपण धरून चाललेलो असतो. ही सवय क्रिकेटनं लावली. हॅरिस शील्डमध्ये धावा काढल्या की मुंबईच्या वयोगटातल्या संघाचं दार उघडतं, पुढे रणजी, आणि तिथं दोन-तीन हंगाम ढिगानं धावा केल्या की निवड समितीला आज ना उद्या दखल घ्यावीच लागते. मोटर रेसिंगमध्ये निवड समितीच नसते. वर जागा रिकामी व्हावी लागते, ती नेमकी आपल्या वर्षी व्हावी लागते, त्या जागेच्या मालकाला आपण हवे असावे लागतो, आणि तोवर तग धरण्याइतका पैसा मागे उभा असावा लागतो.

जेहान ज्या वर्षांत दार ठोठावत होता, तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये दहा संघ होते आणि प्रत्येकाच्या दोन गाड्या. म्हणजे साऱ्या जगात मिळून वीस जागा. त्यातल्या बऱ्याच जागांवर वर्षानुवर्षं तीच माणसं. एखाद्या हंगामात दोन-तीन नवे चेहरे दिसतात, एखाद्या हंगामात एकच. लगेच खालच्या फॉर्म्युला टूचा विजेता आपोआप वर चढतो म्हणावं, तर तेही नाही. 2019 चा विजेता निक डे व्रीस इलेक्ट्रिक गाड्यांच्या शर्यतींकडे वळला, तिथं जगज्जेता झाला, आणि फॉर्म्युला वनमधली कायमची जागा त्याला मिळाली ती 2023 मध्ये. तीही हंगाम संपायच्या आत गेली. 2021 चा विजेता ऑस्कर पियास्त्री पुढचं अख्खं वर्ष राखीव चालक म्हणून बसून होता. 2022 चा विजेता फेलिपे द्रुगोविच याला तर जागाच मिळाली नाही. त्यात नियम असा की फॉर्म्युला टू जिंकलेल्याला त्या स्पर्धेत पुन्हा उतरता येत नाही. हरलेल्याला आणखी एक वर्ष मिळू शकतं, खिसा भरलेला असेल तर. जिंकलेल्याला तेही नाही.

हे आधी मांडायचं कारण असं, की पुढची पानं एका मुंबईकर मुलाच्या साधारण बारा-तेरा वर्षांच्या वाटचालीची आहेत आणि ती वाट फॉर्म्युला वनच्या उंबऱ्यापाशी थांबते. आपल्याकडे अशी गोष्ट ‘थोडक्यात हुकलं’ म्हणून दोन ओळींत उरकली जाते. मला हे मान्य नाही. ज्या शहरात धड एक शर्यतीचा ट्रॅक नाही, तिथल्या मुलानं फॉर्म्युला टूच्या चार शर्यती जिंकल्या, ही भारतीय खेळाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. ती किती मोठी, हे कळायचं तर खालच्या श्रेणींचं हे जग आतून कसं चालतं ते समजून घ्यायला हवं. वरच्या मोजक्या जणांकडे पाहून ते कळत नाही.

या वाटेवरच्या पायऱ्या आज बऱ्यापैकी सरळ दिसतात. आधी कार्टिंग, पंधराव्या वर्षानंतर फॉर्म्युला फोर, मग थ्री, मग टू. जेहान निघाला तेव्हा एवढी शिस्त नव्हती. फॉर्म्युला फोर ही आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफआयएची, योजना 2014 ला सुरू झाली. आजची फॉर्म्युला थ्री तर 2019 मध्ये जुन्या दोन स्पर्धांच्या जागी उभी राहिली. मधल्या काळात फॉर्म्युला रेनो होती, युरोपियन फॉर्म्युला थ्री होती, जीपी थ्री होती, आणि कुठल्या वर्षी कुठे उतरायचं हा जुगारच होता. चुकीच्या स्पर्धेत घालवलेलं वर्ष परत मिळत नाही. शिवाय 2016 पासून नियम कडक झाले: फॉर्म्युला वनसाठी लागणारं सुपर लायसन्स हवं तर वय किमान अठरा आणि तीन वर्षांत मिळून चाळीस गुण. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की चाळीस गुण एकदम पदरात पडतात. चौथ्या क्रमांकापासून हिशेब झपाट्यानं आटत जातो.

जेहानचा जन्म 1 ऑक्टोबर 1998 चा, मुंबईचा. घर पारशी, वडील उद्योजक. पैशाची बाजू पुढे येईलच. आधी कार्टिंगविषयी, कारण बाहेरच्या माणसाला तो मॉलमधला खेळ वाटतो आणि तिथंच सगळा घोळ होतो.

शर्यतीच्या कार्टला सस्पेन्शन नसतं. नळ्यांची चौकट, तिच्यावर बसकी सीट, बाजूला इंजिन, मागे एकसंध धुरा. हा धुरा एकसंध असणं फार महत्त्वाचं. मोटारीत वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरावं म्हणून डिफरन्शियल असतो. कार्टमध्ये तो नाही. मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. मग कार्ट वळायचं कसं? मागचं आतलं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं तरच. स्टिअरिंग फिरवताना पुढच्या चाकांचा कोन आणि चौकटीचा पीळ मिळून ते चाक उचलतात, आणि ते किती वेळ अधांतरी ठेवायचं हे चालवणाऱ्याच्या हातावर आणि अंगाच्या वजनावर ठरतं. चाक लवकर टेकलं तर कार्ट सरळ धावू बघतं, उशिरा टेकलं तर बाहेर पडताना वेग जातो. दहा-बारा वर्षांचं पोर ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाशिवाय, कमरेनं शिकतं. फासळ्या सीटवर आपटून काळ्यानिळ्या होतात म्हणून छातीभोवती जाड कवच बांधावं लागतं. पुढे कोट्यवधींच्या गाडीत बसल्यावर टायर घसरायच्या किंचित आधी जी चाहूल लागते, तिची पेरणी इथली असते. म्हणून युरोपातली मुलं सात-आठ वर्षांची असतानाच कार्टमध्ये बसतात आणि म्हणून आपली मुलं सुरुवातीलाच काही वर्षं मागे असतात.

जेहानला मुंबईत रेयोमंद बनाजी भेटले, हे त्याचं नशीब. बनाजी स्वतः अनेक वेळचे राष्ट्रीय कार्टिंग विजेते, आणि हातात असलेल्या तुटपुंज्या साधनांवर मुलं घडवणारे. भारतातल्या कित्येक कार्टिंगपटूंच्या सुरुवातीला हे नाव सापडेल. आपल्याकडे या खेळाचे खरे ट्रॅक दक्षिणेत: चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. महाराष्ट्रात कोल्हापूरनं कार्टिंग जपलं. तिथं मोहित्यांचा ट्रॅक उभा राहिला, राष्ट्रीय फेऱ्या होऊ लागल्या आणि त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. मुंबईच्या मुलाला मात्र सरावासाठी गाव सोडल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

2011 साल भारतीय मोटर रेसिंगसाठी भलतंच आशेचं होतं. ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट तयार झालं, ऑक्टोबरात पहिली भारतीय ग्रां प्री झाली. विजय मल्ल्यांचा फोर्स इंडिया हा संघ इंग्लंडात सिल्व्हरस्टोनजवळ होता, पण नाव आणि रंग आपले होते. त्या संघानं देशभरातून मुलं शोधायची मोहीम काढली, ‘वन फ्रॉम अ बिलियन’, अब्जातून एक. त्यातून तिघं निवडले गेले: बंगळूरचा अर्जुन मैनी, चेन्नईचा तरुण रेड्डी आणि मुंबईचा जेहान. त्या ऑक्टोबरात जेहान तेरा वर्षांचा झाला. पुढे काय झालं ते आपण जाणतो. भारतीय ग्रां प्री तीन वर्षांत आटोपली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फोर्स इंडिया 2018 च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या साऱ्या थाटामाटातून हाती काय उरलं, असं कोणी विचारलं तर मी या मुलांची नावं सांगेन. अर्जुन फॉर्म्युला टूपर्यंत गेला. जेहान तिथं जिंकला.

कार्टिंगमध्ये जेहाननं आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळवलं, ब्रिटनमधलं मानाचं विजेतेपद मिळवलं. घर सुटलं, शाळा प्रवासात होऊ लागली. मग 2015 ला फॉर्म्युला रेनो. इथं पहिल्यांदा पंखांची गाडी. बहुतेक कार्टना पुढच्या चाकांवर ब्रेकच नसतो, त्यामुळे ब्रेक मारायची कला इथं नव्यानं शिकावी लागते. वेग जास्त असताना हवेचा दाब गाडीला जमिनीवर चेपून धरतो, म्हणून पाय आधी पूर्ण ताकदीनं दाबायचा. वेग उतरेल तसा दाब ओसरतो, तसतसा पायही सोडत न्यायचा. हे सगळं दोनेक सेकंदांत. नाही जमलं तर चाक लॉक होतं, टायर एका जागी घासून चपटा होतो आणि उरलेली शर्यत दात खिळखिळे होईपर्यंत हादरे खात काढावी लागते. चपट्या टायरची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

2016 ला जेहान जर्मनीच्या योझेफ काउफमान संघात गेला आणि शेजारच्या गाडीत लँडो नॉरिस आला. 2017 ला तो युरोपियन फॉर्म्युला थ्रीसाठी ब्रिटनच्या कार्लिन संघात गेला. शेजारच्या गाडीत पुन्हा नॉरिस.

या खेळात सहकारी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण माझ्या मते जेहानच्या सगळ्या वाटचालीची किल्ली तिथं आहे. बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याकडून हरलं तर शंभर कारणं देता येतात: त्याची गाडी चांगली, त्याचे इंजिनिअर अनुभवी, त्याची बजेटं मोठी. सहकाऱ्याकडे मात्र तुमचीच गाडी असते, तुमचेच तंत्रज्ञ असतात, तुमचीच माहिती त्याच्या संगणकावर असते. शर्यतीनंतर दोघांच्या आलेखांच्या रेघा पडद्यावर एकावर एक ठेवल्या जातात. चौथ्या वळणाला त्यानं ब्रेक तुझ्यापेक्षा तीन मीटर उशिरा मारला, सातव्या वळणात त्यानं गॅस सोडलाच नाही, हे लपवायला जागा नसते. वरच्या संघांचे लोकही हेच बघतात. तू पाचवा आलास की आठवा, यापेक्षा तुझा सहकारी कुठे होता, हा प्रश्न आधी येतो. नॉरिस दोन्ही वर्षी जिंकला. 2019 मध्ये तो फॉर्म्युला वनला गेला आणि 2025 मध्ये जगज्जेता झाला. जेहान 2017 च्या युरोपियन थ्रीमध्ये सहावा होता, न्यूरेंबर्गच्या रस्त्यांवरच्या नॉरिसरिंगवर एक शर्यत त्यानं जिंकली होती. त्या वेळी हा सहावा क्रमांक फिका वाटला. ज्याच्याशी तुलना चालली होती तो कोण निघाला, हे कळायला आठ वर्षं जावी लागली.

त्याच 2017 च्या फेब्रुवारीत त्यानं न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. आपल्या वर्तमानपत्रांत या बातमीला फार जागा मिळाली नाही. ज्या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत स्टर्लिंग मॉस, जॅक ब्रॅबम आणि ब्रूस मॅक्लारेन आहेत, त्या यादीत एका मुंबईकराचं नाव आहे. 2018 चा हंगाम वाईट गेला. तो दहाव्या क्रमांकावर घसरला आणि संपल्यासारखा वाटला.

2019 ला तो इटलीच्या प्रेमा संघात गेला. विचेंझाजवळच्या एका छोट्या गावातला हा संघ, तेव्हा रोझिन कुटुंब चालवत असलेला, आणि खालच्या श्रेणींत त्यांच्याइतका दबदबा क्वचितच कुणाचा असेल. तीस गाड्यांच्या त्या नव्या फॉर्म्युला थ्रीमध्ये प्रेमाचेच तिघे पहिले तीन आले: रॉबर्ट श्वार्त्झमन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि जेहान. आर्मस्ट्राँग 158 गुण, जेहान 157. बार्सेलोना आणि ल कास्तेले इथं तो जिंकला. ही स्पर्धा फॉर्म्युला वनच्या शर्यतींसोबत, त्याच ट्रॅकवर, त्याच शनिवार-रविवारी होते. म्हणजे ज्यांना बघायला हवं ते सगळे तिथंच असतात. रेड बुलनं त्याला आपल्या युवा चालकांत घेतलं. फेटेल, रिकार्डो, साइन्झ ज्या वाटेनं वर गेले, ती ही वाट.

आणि इथंच त्याच्या आयुष्यातली सर्वांत कठीण तुलना सुरू झाली. 2020 ला फॉर्म्युला टूमध्ये, कार्लिन संघात, रेड बुलच्याच रंगांत, शेजारी आला युकी त्सुनोदा. आदल्या वर्षी थ्रीमध्ये जेहान तिसरा होता आणि त्सुनोदा नववा. कागदावर जेहान पुढे. पण त्या वर्षी फॉर्म्युला टूत पहिल्यांदाच अठरा इंची चाकांवरचे नवे टायर आले, महासाथीमुळे हंगाम जुलैत सुरू झाला आणि शर्यती एकामागोमाग एक कोंबल्या गेल्या. फॉर्म्युला टूत टायर आधी तापवून ठेवायची सोय नसते. थंड टायर घेऊन बाहेर पडायचं, फेरी-दोन फेऱ्यांत ते नेमके तापवायचे, पुढचे आणि मागचे एकाच वेळी, आणि मग त्यातून एकच काय ती खरी वेगवान फेरी काढायची; दुसऱ्या प्रयत्नापर्यंत टायरचा तजेला गेलेला असतो. पात्रता फेरी अर्ध्या तासाची. त्यात मागे पडलं की शनिवार-रविवार दोन्ही दिवस गर्दीत जातात. त्सुनोदाला ही नाडी लवकर सापडली. तो तिसरा आला, चाळीस गुण पुरे झाले आणि त्याच डिसेंबरात रेड बुलच्याच अल्फाटॉरी संघानं त्याला फॉर्म्युला वनची जागा जाहीर केली. जेहान बारावा. इथं नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्या वर्षी जागा रिकामी होती त्या वर्षी सहकाऱ्याकडून तो हरला, स्पष्ट हरला, आणि रेड बुलच्या घरात अशी वर्षं माफ होत नाहीत.

तरी त्या हंगामाची शेवटची शर्यत सविस्तर सांगायलाच हवी. 6 डिसेंबर 2020, बहारीनचं साखीर. आठवडाभर आधी याच सर्किटवर रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली होती आणि तो ज्वाळांमधून चालत बाहेर आला होता. या वेळी शर्यती बाहेरच्या आखूड ट्रॅकवर होत्या. साडेतीन किलोमीटरची फेरी, मिनिटभरात संपणारी. फॉर्म्युला टूचं विजेतेपद मिक शूमाकर आणि कॅलम आयलॉट यांच्यात अडकलेलं, सगळ्या कॅमेऱ्यांचं लक्ष त्यांच्यावर. जेहान पहिल्या रांगेत, शेजारी डॅन टिकटम. दिवे विझले, टिकटमनं त्याला बाजूला दाबलं, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत शूमाकर मागून झेपावला. जेहान मागे पडला. इथवर त्याच्या अनेक शर्यतींसारखंच.

मग तो थांबला. म्हणजे घाई करायचा थांबला. पुढे शूमाकर टिकटमला गाठायच्या नादात ब्रेकवर चुकला, चाक लॉक झालं, टायर चपटा झाला. वर सांगितलेली गोष्ट ती हीच. त्या टायरनं तो शेवटपर्यंत तगू शकणार नव्हता. तो मागे मागे जात अठरावा आला आणि तरी गुणांच्या हिशेबानं चॅम्पियन झाला. टिकटम पुढे होता, पण त्याचे मागचे टायर संपत आले होते. जेहाननं आपले राखले होते. त्यानं टिकटमला गाठलं, ओलांडलं आणि मागे वळून पाहायची गरज राहू दिली नाही. दुसरा आला त्सुनोदा. वर्षभर ज्यानं नव्या टायरांच्या विद्येत त्याला मागे टाकलं, त्याच्याच पुढे, टायर सांभाळून मिळवलेला विजय.

या विजयाचं वर्णन करताना ‘फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय’ असं म्हणतात, ते खरं आहे. पण करुण चंधोक याच स्पर्धेत, तिचं नाव जीपी टू असताना, 2007 मध्ये बेल्जियमच्या स्पाला जिंकला होता, हेही त्याच दमात सांगायला हवं. नारायण कार्तिकेयन 2005 ला जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये गेलेला पहिला भारतीय, चंधोक 2010 चा दुसरा. त्या दोघांच्या खांद्यावर उभं राहून ही पुढची पिढी दिसते.

आता पैसा. फॉर्म्युला टूचा एक हंगाम चालवायचा तर दोन-तीन दशलक्ष युरो लागतात असं या वर्तुळात सर्रास बोललं जातं. म्हणजे वीस कोटी रुपयांच्या पुढचीच गोष्ट. चालकाला मानधन मिळत नाही, उलट तोच संघाला पैसे आणून देतो. जेहानच्या मागे घरचा उद्योग होता, त्याशिवाय हा प्रवास झालाच नसता. हे लपवण्यासारखं नाही आणि त्यावरून त्याला हिणवण्यासारखंही नाही. फॉर्म्युला टूच्या रांगेत उभ्या असलेल्या बावीस जणांत जवळपास प्रत्येकाच्या मागे कुणीतरी असतं: बाप, कंपनी, देशाचं सरकार किंवा एखादा फॉर्म्युला वन संघ. गाड्या सगळ्यांना सारख्याच, इटलीच्या दल्लारा कंपनीच्या, त्याच मेकाक्रोम इंजिनाच्या, सहाशेहून अधिक अश्वशक्तीच्या. पैशानं सीट मिळते. फेरीतला सेकंदाचा दहावा हिस्सा मिळत नाही. खरा अन्याय वेगळ्याच लोकांवर होतो. कोल्हापूरच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर एखादं पोर जेहानइतकंच, कदाचित त्याच्याहून वेगवान असेल, आणि राष्ट्रीय कार्टिंगनंतर ते कुठे जातं याची नोंद कुणी ठेवत नाही. माझ्या मते भारतीय मोटर रेसिंगचं सर्वांत मोठं नुकसान तिथं होतं.

2021 ला तो सातवा आला आणि मोंझा व अबुधाबीच्या छोट्या शर्यती जिंकला. 2022 ला पुन्हा प्रेमा, पुन्हा सातवा. पण त्या सप्टेंबरात मोंझाला त्यानं रविवारची मुख्य शर्यत जिंकली. छोट्या शर्यतीत पात्रता फेरीतले पहिले काही जण उलट्या क्रमानं उभे केले जातात, त्यामुळे तिथल्या विजयावर लोक थोडी सूट धरतात. मुख्य शर्यतीत तशी सूट नसते, शिवाय मध्ये टायर बदलायला थांबावंच लागतं. म्हणून मोंझाचा विजय माझ्या लेखी त्याचा सर्वांत वजनदार. त्याच वर्षी जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेननं त्याला आदल्या वर्षीची फॉर्म्युला वन गाडी चाचणीसाठी दिली. जागेच्या याहून जवळ तो कधी गेला नाही. वर्षअखेर रेड बुलशी नातं संपलं. 2023 चा चौथा हंगाम एमपी मोटरस्पोर्टबरोबर. फॉर्म्युला टूत चौथं वर्ष हे आशेचं वर्ष नसतं. नवी पोरं येतात, आणि बघणाऱ्यांची नजर त्यांच्याकडे वळलेली असते.

तो कुठे कमी पडला, याविषयी माझं मत सांगून टाकतो. शर्यतीच्या दिवशी तो पहिल्या पाचांच्या बरोबरीचा होता. गाडी सांभाळणं, टायर राखणं, गर्दीतून वाट काढणं यात कुणाला हार न जाणारा. शुक्रवारच्या त्या अर्ध्या तासात, त्या एकाच फेरीत, त्याच्याकडून पुरेशा वेळा पुरेसं निघालं नाही. वरच्या संघांना नेमकी ती एक फेरी हवी असते, कारण बाकीचं शिकवता येतं असं ते मानतात. हे मानणं योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. पण जागा त्यांच्या आहेत.

2024 ला त्याला व्यावसायिक चालक म्हणून जागा मिळाली ती फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या जागतिक स्पर्धेत, मासेराती संघात. आदल्या हंगामात तो महिंद्र संघाचा राखीव चालक होता. फेब्रुवारीत हैदराबादला हुसेन सागराच्या काठी शर्यत व्हायची होती. वर्षभरापूर्वी तिथं ती झालीही होती. तेलंगणात सरकार बदललं, शर्यत रद्द झाली. घरच्या प्रेक्षकांपुढे धावायची ती संधी गेली आणि हंगामानंतर मासेरातीतली जागाही. इतकी वर्षं परदेशात तिरंगा हेल्मेटवर घेऊन धावलेल्या मुलाला आपण एक शर्यत देऊ शकलो नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

त्याच्या मागून कुश मैनी आला, अर्जुनचा धाकटा भाऊ. 2025 च्या मे महिन्यात कुशनं मोनॅकोला फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. जिथं रस्ता इतका अरुंद की ओलांडायला जागाच नाही, तिथं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहिला. 2021 ला हे दोघं मुंबई फाल्कन्स या भारतीय संघातून आशियाई फॉर्म्युला थ्रीमध्ये एकत्र धावले होते, जेहान त्यात तिसरा आला होता.

पुढची पानं वाचताना वाचकांनी एवढं करावं. प्रत्येक हंगामाचा गुणतक्ता आला की आधी जेहानचा क्रमांक बघू नये. त्याच संघाची दुसरी गाडी शोधावी, तिच्यातला चालक पुढे कुठे गेला ते बघावं आणि मग दोघांतलं अंतर मोजावं. नॉरिस, श्वार्त्झमन, त्सुनोदा, आणि नंतर सहकारी झालेले टिकटम व डेनिस हाउगर: ही नावं एकाखाली एक लिहून काढली की या मुलाला कुठल्या मापानं मोजलं जात होतं, ते समोर येतं. आणि पुढच्या हंगामात फॉर्म्युला टूची शर्यत पाहाल तेव्हा आघाडीवरच्या गाडीऐवजी एका रंगाच्या दोन गाड्यांवर नजर ठेवा, विशेषतः पात्रता फेरीत, थंड टायरांवर त्या संथपणे नागमोडी चालतात तेव्हा.